जॅकपॉट मोठा कशामुळे होतो

मराठीत ‘लॉटरी लागली’ हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. म्हाडाच्या सोडतीत घर मिळाले तरी लॉटरी लागली, गावच्या जमिनीतून महामार्ग गेला आणि भरघोस मोबदला हाती आला तरी लॉटरी लागली, आणि अमेरिकेत कोणा एकाला दोन अब्ज डॉलर मिळाले तरी तेच शब्द. शब्द एकच असला की त्यामागची शक्यताही साधारण एकाच जातीची असणार, असे मन नकळत धरून चालते. आकडे मात्र वेगळेच सांगतात. म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२३ साली ४,०८२ घरांची सोडत काढली तेव्हा एक लाख वीस हजारांच्या आसपास अर्ज आले होते; म्हणजे ढोबळमानाने तीस अर्जदारांमागे एकाला घर. त्याच वर्षी केरळ सरकारच्या ओणम बंपरचे पाचशे रुपयांचे तिकीट सुमारे ७५ लाख लोकांच्या हाती गेले आणि त्यातल्या एका तिकिटाला २५ कोटींचे पहिले बक्षीस लागले. तीसात एक आणि पंचाहत्तर लाखांत एक, ही दरीसुद्धा लहान नाही. पण अमेरिकेतल्या ‘पॉवरबॉल’ या लॉटरीत एका तिकिटाला जॅकपॉट लागण्याची शक्यता २९,२२,०१,३३८ मध्ये एक आहे. हा आकडा दैवाने ठरवलेला नाही. लॉटरी चालवणाऱ्यांनी हिशेब करून तो निवडला आहे, आणि जॅकपॉट डोळे दिपवण्याइतका मोठा होतो तो या आकड्यामुळेच. लॉटरीचा विचार करताना नेमका हाच धागा सुटतो, आणि तो हाती धरला की बाकीच्या बहुतेक समजुतींचा उलगडा होतो.

आकडा येतो कसा, ते आधी पाहू. पॉवरबॉलमध्ये दोन यंत्रे असतात. एकात १ ते ६९ क्रमांकांचे पांढरे चेंडू, दुसऱ्यात १ ते २६ क्रमांकांचे लाल चेंडू. पहिल्यातून पाच निघतात, दुसऱ्यातून एक. पहिला पांढरा चेंडू ६९ पैकी कोणताही असू शकतो, दुसरा उरलेल्या ६८ पैकी, मग ६७, ६६ आणि ६५. या पाच संख्यांचा गुणाकार १,३४,८६,२१,५६० होतो. पण चेंडू कोणत्या क्रमाने निघाले याला लॉटरीत महत्त्व नसते, आणि तेच पाच चेंडू १२० वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात. म्हणून त्या गुणाकाराला १२० ने भागायचे. उत्तर येते १,१२,३८,५१३. इथपर्यंतचा आकडा एक कोटीच्या थोडा पुढे आहे, अजून मनात मावण्यासारखा. त्याला लाल चेंडूच्या २६ शक्यतांनी गुणले की तो एकदम २९ कोटींवर जातो. एकटा लाल चेंडू सगळी परिस्थिती सव्वीसपटीने अवघड करतो. शाळेतल्या निवडीच्या गणितापलीकडे यात काही नाही, आणि म्हणूनच लॉटरी चालवणाऱ्याला हवी तेवढी शक्यता बेतणे फार सोपे असते: चेंडूंची संख्या थोडी हलवली की शक्यता कोटींनी सरकते.

आपली समज ‘एकोणतीस कोटी’ हा आकडा ऐकते आणि त्याला ‘फार मोठा’ या खात्यात टाकून मोकळी होते. पंचाहत्तर लाखही त्याच खात्यात, तीन कोटीही तिथेच. म्हणून तो आकडा एकदा डोळ्यांसमोर मांडून पाहावा लागतो. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण वीस मिलिग्रॅम धरले, तर २९ कोटी २२ लाख दाण्यांचे वजन ५८ क्विंटलांच्या पुढे जाते. पन्नास किलोची जवळजवळ ११७ पोती. ही सगळी पोती एका मोठ्या गोदामाच्या फरशीवर रिकामी केली आहेत अशी कल्पना करा. त्या ढिगात अक्षतेचा एकच दाणा आहे, कुंकू लावलेला. डोळ्यांवर पट्टी बांधून ढिगात एकदाच हात घालायचा आणि एकच दाणा उचलायचा. चिमूट नाही, मूठ तर नाहीच. तो दाणा लाल निघणे म्हणजे एका तिकिटाला जॅकपॉट लागणे. वेळेच्या मापाने पाहायचे तर २९ कोटी २२ लाख सेकंद म्हणजे नऊ वर्षे आणि वर तीन महिने. या सव्वानऊ वर्षांतला एक सेकंद कोणीतरी मनात धरला आहे आणि तो तुम्ही पहिल्याच प्रयत्नात अचूक सांगायचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. म्हणजे नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आणि मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतचा अडीच महाराष्ट्र एकत्र करून त्यातला एक माणूस चिठ्ठीने काढावा, इतकी ही गोष्ट दूरची आहे.

एका तिकिटाचे ठीक, पण नेमाने घेत राहिले तर? पॉवरबॉलची सोडत आठवड्यातून तीनदा होते. प्रत्येक सोडतीचे एक तिकीट पन्नास वर्षे न चुकता घेतले तर ७,८०० तिकिटे होतात. दोन डॉलरला एक, म्हणजे १५,६०० डॉलर. एवढ्या आयुष्यभराच्या नेमाचे फळ म्हणजे जॅकपॉटची शक्यता ३७,४६२ मध्ये एक. हेच वर्षाचे ३१२ डॉलर चार टक्के व्याजाने पन्नास वर्षे साठत गेले असते तर ४७ हजार डॉलरच्या वर रक्कम झाली असती, आणि त्यासाठी कोणताही चेंडू अनुकूल पडावा लागला नसता. धोक्याच्या बाजूने हीच तुलना करता येते. भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात, त्यात वळवाच्या पावसात रानात सापडलेले विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी आणि गुराखीही असतात. १४० कोटी लोकसंख्येत याचा अर्थ वर्षाला साडेपाच लाखांत एक, अशी सरासरी होते. वर्षभर प्रत्येक सोडतीचे तिकीट घेणाऱ्याची जॅकपॉटची शक्यता वर्षाला पावणेएकोणीस लाखांत एक आहे. म्हणजे विजेची शक्यता तिच्या तिप्पटीहून जास्त. तरी वीज पडून मरण्याच्या शक्यतेवर आपण आयुष्याची आखणी करत नाही.

यावर सगळ्यात आधी येणारे उत्तर असते: पण कोणाला तरी लागतेच ना? हे उत्तर खरे आहे, आणि खरे असल्यामुळेच दिशाभूल करते. १३ जानेवारी २०१६ ची पॉवरबॉलची सोडत घ्या. जॅकपॉट १ अब्ज ५८ कोटी ६० लाख डॉलरवर पोहोचला होता. त्या एका सोडतीसाठी सुमारे साडेत्रेसष्ट कोटी तिकिटे विकली गेली. शक्य असलेल्या २९ कोटी जुळण्यांवर ती वाटली तर प्रत्येक जुळणीवर सरासरी सव्वादोनच्या आतबाहेर तिकिटे पडतात. निकाल लागला तेव्हा कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेनेसी या राज्यांतली तीन तिकिटे जुळली. गणिताने जे अपेक्षित होते, त्याच्या अगदी शेजारचा आकडा. ‘कोणाला तरी लागणार’ ही जवळजवळ खात्री होती, कारण साडेत्रेसष्ट कोटी तिकिटे बाजारात होती. आणि त्याच वेळी ‘मला लागणार’ ही जवळजवळ अशक्य गोष्ट होती. ही दोन विधाने ऐकायला सारखी वाटतात, पण त्यांच्या मधे साडेत्रेसष्ट कोटींचे अंतर आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तीन तिकिटांची बातमी येते. न लागलेल्या तिकिटांची बातमी छापायची ठरवली तर प्रत्येकाला एक ओळ दिली तरी कागद पुरणार नाही. आपल्या डोळ्यांसमोर फक्त जिंकणारे येत राहतात आणि मन त्यांच्या चेहऱ्यांवरून शक्यतेचा अंदाज बांधते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पॉवरबॉल १९९२ मध्ये सुरू झाले तेव्हा पांढरे चेंडू ४५ होते आणि लालही ४५. जॅकपॉटची शक्यता ५ कोटी ४९ लाख ७९ हजारांत एक. पुढे चेंडूंची संख्या वेळोवेळी बदलत गेली. १९९७ मध्ये शक्यता आठ कोटींत एक झाली, २००२ मध्ये बारा कोटींत एक, २००५ च्या ऑगस्टमध्ये साडेचौदा कोटींच्या पुढे, २००९ मध्ये साडेएकोणीस कोटींत एक. २०१२ मध्ये ती साडेसतरा कोटींवर उतरली खरी, पण त्याच वेळी तिकिटाची किंमत एका डॉलरवरून दोन डॉलर झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये पांढरे चेंडू ५९ चे ६९ केले, लाल ३५ चे २६ केले, आणि शक्यता २९ कोटींवर गेली. तेवीस वर्षांत पाचपटीहून जास्त. गिऱ्हाईक टिकवायचे तर दुकानदार माल चांगला करतो. इथे मात्र जिंकणे जवळजवळ दर खेपेला अवघड करत नेले आणि खप वाढत गेला. कारण सरळ आहे. समजा एका सोडतीला दोन कोटी तिकिटे विकली गेली. १९९२ च्या शक्यतेने त्या सोडतीत जॅकपॉट फुटण्याचा संभव तीस टक्के होता, म्हणजे दर दहा सोडतींत तीनदा. २०१५ नंतरच्या शक्यतेने तो सात टक्क्यांच्याही खाली आला, पंधरा सोडतींत एकदा. जॅकपॉट फुटला नाही की ती रक्कम पुढच्या सोडतीत जमा होते, तिच्यावर नव्या तिकिटांचे पैसे चढतात, आकडा फुगतो, तो बातम्यांत येतो, एरवी तिकीट न घेणारेही रांगेत उभे राहतात आणि आकडा आणखी फुगतो. ऑक्टोबर २०१५ मधला बदल आणि जानेवारी २०१६ चा विक्रमी जॅकपॉट यांच्यात जेमतेम तीन महिन्यांचे अंतर आहे. नोव्हेंबर २०२२ मधला २ अब्ज ४ कोटी डॉलरचा जॅकपॉटही तीन महिने कोणालाही न लागल्यामुळेच तिथवर चढला होता. जाहिरातीतला तो प्रचंड आकडा म्हणजे आधीच्या सोडतींत हरलेल्या तिकिटांच्या पैशांची रास, आणि ती रास मोठी होण्यासाठी लोक वारंवार हरावे लागतात.

इथे कोणी म्हणेल की जॅकपॉट सोडा, छोटी बक्षिसे तर लागतात. लागतात, आणि पॉवरबॉलच्या माहितीत कोणतेही बक्षीस मिळण्याची शक्यता पंचवीसात एकच्या आसपास दिलेली असते. २०१५ च्या बदलात ही शक्यता तर सुधारली. आधी ती बत्तीसात एकच्या जवळ होती. एका हाताने जॅकपॉट दूर ढकलला आणि दुसऱ्या हाताने छोटी बक्षिसे जवळ आणली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण ही बक्षिसे कसली? फक्त लाल चेंडू जुळला, किंवा लाल आणि एक पांढरा जुळला, तर चार डॉलर मिळतात. बक्षीस लागलेल्या शंभर तिकिटांपैकी बाण्णव तिकिटे याच गटातली असतात. चार डॉलर म्हणजे दोन तिकिटांचे पैसे, आणि ते बहुतेकदा पुढच्या सोडतीच्या दोन तिकिटांतच जातात. जॅकपॉट वगळता उरलेल्या सगळ्या बक्षिसांची, अगदी दहा लाख डॉलरच्या दुसऱ्या बक्षिसासकट, शक्यतेनुसार बेरीज केली तर दोन डॉलरच्या तिकिटामागे सरासरी ३२ सेंट परत येतात. पण चार डॉलर हातात आले की ‘लागते, मला लागते’ ही भावना ताजी होते, आणि ‘थोडक्यात हुकले’ ही दुसरी भावनाही तिच्यासोबत येते. ३४ च्या जागी ३५ आला तर जवळ आल्यासारखे वाटते. चेंडूंना शेजारपाजार नसतो. ३५ आणि ६८ हे ३४ पासून सारखेच दूर.

मग जॅकपॉट खूप मोठा झाला की तिकीट घेणे हिशेबात बसते का? हा आक्षेप गणित येणारे लोक घेतात आणि तो गंभीरपणे तपासायला हवा. जानेवारी २०१६ मध्येही अनेकांनी १५८ कोटींना २९ कोटींनी भागले आणि दोन डॉलरच्या तिकिटाची किंमत पाच डॉलरच्या वर आहे असा निष्कर्ष काढला. पण १५८ कोटी ही रक्कम तीस हप्त्यांत, एकोणतीस वर्षांवर पसरून मिळणारी होती. एकरकमी घ्यायची तर ती ९८ कोटी ३५ लाख डॉलर होती. तिला २९ कोटी २२ लाखांनी भागले की ३ डॉलर ३७ सेंट उरतात. आता साडेत्रेसष्ट कोटी तिकिटे बाजारात असताना जॅकपॉट एकट्याला मिळण्याची आशा फारशी नव्हती. वाटेकऱ्यांचा हिशेब धरला तर जिंकणाऱ्या तिकिटाच्या वाट्याला सरासरी एक्केचाळीस टक्के रक्कम येणार होती. उरले १ डॉलर ३७ सेंट. त्यावर त्या वर्षीचा केंद्रीय प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ३९.६ टक्के. उरले सुमारे ८३ सेंट. छोट्या बक्षिसांचे ३२ सेंट मिळवले तरी सव्वा डॉलरही होत नाही, आणि तिकीट दोन डॉलरचे. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या जॅकपॉटांपैकी एकाची ही अवस्था. जॅकपॉट वाढला की तिकिटे त्याहून वेगाने वाढतात आणि वाटेकरीही वाढतात, हा यातला पेच आहे. रक्कम कितीही चढली तरी ती फायद्याची होण्याआधीच गर्दी तिला गाठते.

वाटेकऱ्यांची गोष्ट निघाली आहे तर ३० मार्च २००५ ची सोडत जवळून पाहण्यासारखी आहे. त्या दिवशी दुसऱ्या बक्षिसाचे, म्हणजे पाचही पांढरे चेंडू जुळलेले पण लाल चेंडू चुकलेले, चार-पाच विजेते अपेक्षित होते. निघाले ११०. वेगवेगळ्या राज्यांतले, एकमेकांना न ओळखणारे. लॉटरीच्या अधिकाऱ्यांना पहिला संशय लबाडीचा आला, आणि तो येणे स्वाभाविक होते. मग विजेते बक्षिसे घ्यायला येऊ लागले, त्यांना आकडे कुठून घेतले असे विचारले, तेव्हा एकेकाने तेच सांगितले: चिनी खाणावळीत जेवणानंतर मिळणाऱ्या बिस्किटातून. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत घडी घातलेले कुरकुरीत बिस्कीट देतात, ते मोडले की आत कागदाची पट्टी असते, तिच्यावर भविष्याचे एखादे वाक्य आणि काही शुभ आकडे. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतल्या ‘वाँटन फूड’ या कारखान्यातून गेलेल्या बिस्किटांच्या पट्टीवर २२, २८, ३२, ३३, ३९ आणि शेवटी ४० असे छापले होते. पहिले पाचही आकडे सोडतीत निघाले. लाल चेंडू मात्र ४२ निघाला. त्या ११० जणांपैकी ८९ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर मिळाले आणि जादा पैसे भरून रक्कम वाढवण्याचा पर्याय घेतलेल्या २१ जणांना प्रत्येकी पाच लाख. आता समजा पट्टीवर ४० ऐवजी ४२ असते. मग ते सगळे जॅकपॉटचे धनी झाले असते. पण दुसऱ्या बक्षिसाची रक्कम प्रत्येकाला ठरलेली असते आणि जॅकपॉट मात्र सगळ्यांत मिळून एकच असतो. त्या दिवशी तो अडीच कोटी डॉलरचा होता. शंभरावर वाटण्या होऊन प्रत्येकाच्या हाती सव्वादोन लाखांच्या आसपास, तेही हप्त्यांनी, आले असते. जादा पैसे भरलेल्या एकवीस जणांना चुकलेल्या चेंडूमुळे जास्त मिळाले.

या प्रसंगातून आकडे निवडण्याबद्दलची एकच खरी गोष्ट कळते. कोणताही आकडा निवडला तरी तो निघण्याची शक्यता बदलत नाही. ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणार’ किंवा ‘हा आकडा सध्या चालू आहे’ या दोन्ही समजुतींना आधार नाही, कारण चेंडूंना मागच्या आठवड्याची आठवण नसते. पण निवडीने वाटेकरी मात्र बदलतात. वाढदिवसाच्या तारखा घेणारे लोक ३१ च्या आतच फिरतात, कागदावर तिरकी रेघ ओढणारे आणि एक-दोन-तीन-चार-पाच लिहिणारेही हजारोंनी असतात. त्यांची जुळणी निघाली तर ती वाटली जाणार. शक्यता कोणाच्याच हातात नाही. फार तर जिंकल्यावर किती जणांत वाटायचे, एवढ्यावर थोडा परिणाम करता येतो.

बुद्धीने लॉटरी हरवता येते, असेही म्हटले जाते, आणि त्याचे दाखले आहेत. १९९२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या लॉटरीत ४४ पैकी ६ आकडे निवडायचे होते. जुळण्या ७० लाख ५९ हजार, तिकीट एक डॉलर, जॅकपॉट २ कोटी ७० लाख डॉलर. मूळचे रुमानियाचे आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले स्टेफान मँडेल यांनी हजारो गुंतवणूकदारांचे पैसे गोळा केले आणि सगळ्या जुळण्या विकत घेण्याचा घाट घातला. वेळ अपुरा पडला, सुमारे पन्नास लाखच तिकिटे छापून झाली, पण जिंकणारे तिकीट त्यातच होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या लॉटरीत ५४ पैकी ६ आकड्यांच्या जवळजवळ सगळ्या, अडीच कोटींवर, जुळण्या एका गटाने घेतल्या आणि साडेनऊ कोटी डॉलरचा जॅकपॉट नेला. त्यावरून उठलेल्या वादात त्या राज्याचा लॉटरी आयोगच पुढे २०२५ मध्ये बरखास्त झाला. हे दाखले मला लॉटरीच्या बाजूचे वाटत नाहीत, उलट बाजूचे वाटतात. जॅकपॉट खात्रीने मिळवण्याचा जो एकमेव मार्ग सापडला, तो म्हणजे जवळजवळ सगळी तिकिटे विकत घेणे. त्यासाठी कोट्यवधी रुपये, छपाईची यंत्रे आणि माणसांची फौज लागते. पॉवरबॉलमध्ये तोच मार्ग धरायचा तर ५८ कोटी डॉलर लागतील, आणि ती तिकिटे तीन दिवसांत छापून घ्यावी लागतील. पानटपरीवर किंवा पेट्रोल पंपावर उभे राहून एक तिकीट घेणाऱ्याला त्या मार्गाचा काही उपयोग नाही. त्याच्या शक्यतेत तसूभरही फरक पडत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप गणिताबाहेरचा आहे. दोन डॉलरमध्ये, किंवा आपल्याकडे शंभर-दोनशे रुपयांत, माणूस दोन दिवसांचे स्वप्न विकत घेतो. सिनेमाच्या तिकिटाचा तरी कोण हिशेब मांडतो? या म्हणण्यात तथ्य आहे आणि वर्षाकाठी एखादे तिकीट गंमत म्हणून घेणाऱ्याला अडवण्याचे काही कारण नाही. पण स्वप्नासाठी एक तिकीट पुरते. दुसऱ्या तिकिटाने शक्यता साडेचौदा कोटींत एक होते आणि स्वप्न होते तेवढेच राहते. धंदा मात्र पहिल्या तिकिटावर चालत नाही, तो दुसऱ्या, दहाव्या आणि शंभराव्या तिकिटावर चालतो. अमेरिकेत लॉटऱ्यांची वार्षिक विक्री शंभर अब्ज डॉलरच्या पुढे आहे. प्रौढ लोकसंख्येवर वाटली तर माणशी चारशे डॉलरच्या घरात जाते. कित्येक जण तर एकही तिकीट घेत नाहीत, त्यामुळे घेणाऱ्यांचा खरा खर्च याहून बराच जास्त असतो. आणि तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे की कमी उत्पन्नाची कुटुंबे आपल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यात घालतात. ज्याला घर घेण्याचा, मुलांना शिकवण्याचा, कर्ज फेडण्याचा दुसरा रस्ता दिसत नाही, त्याच्यासाठी तिकीट ही करमणूक नसते, तीच त्याची योजना असते. त्या माणसाला ‘स्वप्नच तर आहे’ असे सांगणे मला पटत नाही. त्याची फसगत स्वप्न पाहण्यामुळे होत नाही, शक्यतेचा आकडा त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचत नाही म्हणून होते.

पैसा शिक्षणाला, आरोग्याला, सरकारी कामाला जातो, हाही युक्तिवाद असतो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा लोकांना बेकायदा मटक्यापासून वळवणे हा तिचा एक सांगितलेला हेतू होता, आणि मटक्याच्या तुलनेत सरकारी सोडत निश्चितच बरी. निदान सोडत उघडपणे होते आणि बक्षीस मिळते. पण महसूल उभा करण्याचे साधन म्हणून पाहिले तर हा कर मुख्यतः आशेवर बसतो आणि ज्यांच्याकडे आशेशिवाय फारसे काही नाही त्यांच्यावर सगळ्यात जड बसतो. आता तर संकेतस्थळांवरून पॉवरबॉलची तिकिटे भारतात बसून घ्या, अशा जाहिराती मराठी वाचकाच्या फोनवरही येतात. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटांसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला मनाई आहे, ही गोष्ट त्या जाहिरातींत कुठे नसते. अशा ठिकाणी तर शक्यतेचा प्रश्नच नंतरचा. तिकीट खरोखर घेतले गेले की नाही, हेच आधी ठाऊक नसते.

अमेरिकेच्या महामार्गांवर पॉवरबॉलचे मोठे फलक असतात. त्यांवर जॅकपॉटचा आकडा दशलक्ष डॉलरमध्ये विजेच्या अंकांनी झळकतो आणि सोडतीगणिक बदलतो. जानेवारी २०१६ मध्ये रक्कम अब्जाच्या पुढे गेली तेव्हा या फलकांवर ९९९ हाच आकडा ठेवावा लागला, कारण त्यांत तीनच अंकांची सोय होती. त्या तीन अंकांशेजारी, तेवढ्याच आकारात, तेवढ्याच उजेडात जॅकपॉटची शक्यताही लावायला हवी. त्यासाठी नऊ अंकांची जागा लागेल. ऑक्टोबर २०१५ पासून तो आकडा बदललेला नाही, त्यामुळे विजेच्या अंकांचीही गरज नाही. रंगाने एकदा लिहिला तरी चालेल: २९२२०१३३८.